वळसंगच्या माळावरचा तांबडा दिवा

७ मे १९३५, मंगळवार

सकाळच्या गाडीने सोलापुरास उतरलो. बादशहांच्या रौप्यमहोत्सवाच्या पताका स्टेशनावर अजून लटकत होत्या. हमाल म्हणाला, कालच्या वाऱ्याने निम्म्या उडाल्या, उरलेल्या काढायला कुणी फिरकले नाही. मला मात्र त्या माझ्याच स्वागताला ठेवल्यासारख्या वाटल्या. वायरलेस खात्यात लागल्यापासून एकट्याने तपासणीला निघालो तो आज पहिल्यांदा. येताना करमाळ्याला घरी राहून आलो. आईने कमळाभवानीचा अंगारा दिला आणि शेंगांची चटणी दिली. दोन्ही पुड्या ट्रंकेत फुटल्या. माझे सगळे सदरे आता सारखेच पवित्र आणि सारखेच तिखट झाले आहेत.

भीमा ब्रॉडकास्टिंग कंपनीचे मॅनेजर आबासाहेब स्वतः मोटार घेऊन आले होते. हळू बोलणारे, चष्मा वारंवार पुसणारे गृहस्थ. वाटेत ते सांगत होते, टेंभुर्णीच्या चावडीत रेडिओचे यंत्र बसवले त्या दिवशी लोक कापसाचे भाव ऐकायला जेवणे सोडून बसले, आणि भाव संपल्यावर भजन लागले तेव्हा एका म्हातारीने यंत्राला हळदकुंकू वाहिले. म्हातारीचे त्यांनी दोनदा सांगितले. मला ते आवडले. दंड झालेला मॅनेजर म्हणजे कोणी खट माणूस असेल अशी माझी कल्पना होती.

दंडाची हकीकत अशी: कंपनीचा मनोरा वळसंगच्या रस्त्याला, उघड्या माळावर आहे. टपालाच्या विमानांना दिसावा म्हणून त्याच्या शेंड्यावर तांबडा दिवा सूर्यास्तापासून उजाडेपर्यंत पेटता हवा, असा परवान्यातला नियम. मागे तो विझलेला आढळला तेव्हा खात्याने कंपनीला दंड केला आणि पुन्हा विझला तर परवाना रद्द करू, असे बजावले. आता परवान्याची मुदत भरत आली आहे. मनोरा धड आहे की नाही ते पाहून मी शेरा द्यायचा. माझ्या शेऱ्यावर त्यांचे सगळे अवलंबून.

माळावर उतरलो तेव्हा मनोरा प्रथम दिसलाच नाही. मग आभाळावर पेन्सिलीने ओढलेल्या रेघेसारखा दिसू लागला. मशीनघराशेजारी पत्र्याची खोली मला दिली आहे. खाट आहे, माठ आहे, खिडकीतून वारा येतो. ज्वारीची कडक भाकरी आणि दही जेवलो. दिवेलागणीला शेंड्यावरचा दिवा लागला. काळपट आभाळात तो तांबडा ठिपका फार सुरेख दिसतो. असे वाटले की वर कोणी विडी ओढत निवांत बसले आहे.

८ मे

उन्हे चढण्याआधी कामाला लागलो. मनोरा म्हणजे लोखंडी पट्ट्यांची चौकोनी जाळी, वर वर निमुळती होत गेलेली, आणि तिच्या पोटातून शिडी. चहूबाजूंनी ताणाच्या तारा जमिनीत रोवल्या आहेत. पाहिले ते चांगले नाही. एका तारेची पकड मोडली आहे आणि ती काथ्याच्या दोराने आवळून ठेवली आहे. शिडीचे खालचे गज गंजाने खाल्ले आहेत. नखाने खरवडले तर पापुद्रे निघतात. वर चढणाऱ्याला कमरपट्टा देणे सक्तीचे आहे. तो कुठे आहे म्हणून विचारले तर आबासाहेब म्हणाले, दुरुस्तीला दिला आहे.

एक गोष्ट समजली नाही. दिव्याला वीज नेणारी तार अर्ध्या उंचीवर तुटलेली आहे. तिचे टोक वाऱ्यावर झुलते. मग काल दिवा पेटला कसा? आबासाहेब म्हणाले, दुसरी तार आतून नेली आहे. मी दुर्बिणीने बराच वेळ पाहिले. मला ती सापडली नाही. पहारेकरी चनमल्लप्पाला विचारले. हा अक्कलकोटकडचा, कपाळाला विभूती लावणारा म्हातारा. बोलता बोलता मधेच कानडीत शिरतो. तो म्हणाला, शेळ्या पिकात शिरल्यात, हाकलून येतो, आणि निघून गेला. या दिवसांत माळावर पीक कुठले?

दुपारी मनोऱ्याच्या पायाशी एक बाई बसलेली दिसली. तिथे सावली अशी नाहीच. चाळणीतून गाळल्यासारखी जाळीची रेघ-रेघ पडते, तेवढीच. तिच्याजवळ फडक्यात बांधलेली भाकरी होती. ती वर पाही, मग शिडीच्या पायथ्याकडे पाही, पुन्हा वर. मी पाणी नेऊन दिले. तिने वर पाहतच घेतले. ऊन कलल्यावर भाकरी तशीच उचलून गावाकडे गेली.

९ मे

बाईचे नाव अकबरी. तिचा नवरा इलाहीबक्ष या कंपनीत खांबावर चढण्याच्या कामाला होता. (इथे सगळे मनोऱ्याला खांबच म्हणतात.) आज ती थोडे बोलली, बाकीचे संध्याकाळी चनमल्लप्पाने सांगितले. दोघांचे जुळते.

दंड झाल्यापासून आबासाहेबांनी दिव्याचा धसका घेतला होता. काही झाले तरी दिवा विझता कामा नये, हा हुकूम. इलाहीबक्षने दोनदा सांगितले की पट्ट्याचे कातडे कुजले आहे, नवा द्या. पुढच्या महिन्यात बघू, असे आबासाहेब म्हणत राहिले. मागच्या महिन्यात एके संध्याकाळी वळवाचे वादळ उठले आणि दिवा गेला. आबासाहेबांनी त्याला वर जायला सांगितले. तो म्हणाला, वारा पडू द्या. आबासाहेब म्हणाले, विमान वाऱ्यासाठी थांबत नाही आणि सरकारही थांबत नाही. तो चढला. अकबरी त्याचे जेवण घेऊन आली होती, तिने त्याला चढताना पाहिले. धुळीत मग काही दिसेना. थोड्या वेळाने शेंड्यावर दिवा लागला, तो तिने आणि चनमल्लप्पाने, दोघांनीही पाहिला. मग वादळ ओसरले आणि सगळे शिडीखाली वाट पाहत राहिले.

"वो उतरे नै, साब," अकबरी म्हणाली. "चढते वख्त मैं देखी. उतरते वख्त कोई नै देखा."

पडला म्हणावे तर प्रेत नाही. वर अडकला म्हणावे तर दुर्बिणीत काही दिसत नाही. तेव्हापासून ती रोज भाकरी घेऊन येते. मी चनमल्लप्पाला तारेचे पुन्हा विचारले. तो म्हणाला, तार त्याच वादळात तुटली, पुन्हा कुणी जोडली न्हाय, दुसरी तार बी न्हाय. मग दिवा कोण लावतो? त्याने शेंड्याकडे पाहिले. नंतर म्हणाला, "त्येची नोकरी हाय की साहेब. त्यो लावतो."

हसू आले. पण अंथरुणावर पडल्यावर कूस बदलत राहिलो.

१० मे

आबासाहेबांना सरळच विचारले. ते रागावले नाहीत. म्हणाले, दिवा लावून इलाहीबक्ष उतरला, भ्यालेला होता, अंधारात माळावरून मोगलाईत, निजामाच्या हद्दीत, निघून गेला. पोलिसांनीही तसेच नोंदवले आहे. माणूस पळून गेला असेल तर मृत्यू नाही. मृत्यू नाही तर बायकोला भरपाई देण्याचा प्रश्नच येत नाही आणि कंपनीवर खटलाही होत नाही. फार तर गंजक्या शिडीबद्दल दंड. हे त्यांनी म्हटले नाही, पण कायदा मलाही येतो.

बोलताना ते माझ्याकडे पाहत होते, नजर चुकवत नव्हते. मला वाटते, त्यांचा त्यावर विश्वास आहे. विश्वास नसता तर त्यांना झोप लागली नसती.

संध्याकाळी मनोऱ्याच्या पायाला हात लावून उभा होतो. दिवसभराच्या उन्हाने लोखंड तापले होते. तळव्याला काहीतरी जाणवले. धप्. मग थोड्या वेळाने धप्. एका लयीत. कान लावला. शिडीवर माणसाचा पाय पडतो तसे. गज, मग गज, मग गज.

लोखंड निवताना आवाज करते. हे आम्हाला शिकवले आहे. ते असेच एका लयीत करते का, हे शिकवलेले नाही.

११ मे

आज नोटीस लिहिली. शिडी शेंड्यापर्यंत तपासून खराब गज बदलावेत, तारेची पकड बसवावी, नवा कमरपट्टा आणावा. आठवड्याच्या आत हे न झाल्यास परवाना रद्द करण्यात येईल व कंपनीवर फौजदारी खटला भरण्याची शिफारस करण्यात येईल. अक्षर चांगले आले. दोनदा वाचून पाहिली. आबासाहेबांनी उभ्या उभ्याच वाचली, चष्मा पुसला, आणि नियम म्हणजे नियम, पाळलाच पाहिजे, असे म्हणाले. इतक्या सहज कबूल झाले याचे नवल वाटले.

दिवसभर चैन नव्हते. बसलो की उठावेसे वाटे, उठलो की मनोऱ्याकडे पाय वळत. चार वेळा तरी तळवा लावून पाहिला असेल. लोखंड निवते हे खरे धरले, तर भर दुपारी ते निवते कसे?

आवाज चालू आहे.

१२ मे

आज रविवार, प्रक्षेपण बंद. मशीनघरात ऐकण्याचे यंत्र आहे, ते तपासायचे राहिले होते. भर दुपार. बाहेर पांढरे ऊन, कुठे पाखरू नाही. हेडफोन कानाला लावले. नुसती खरखर. चकती फिरवली. खरखर कमी होत गेली आणि श्वास ऐकू आला.

दमलेल्या माणसाचा. नाकाने घेतलेला, तोंडाने सोडलेला. मधेच धप्. मग श्वास. मग धप्.

तळव्याखालचीच लय.

मी हेडफोन काढले नाहीत. का नाही, सांगता येत नाही. कोण आहे, असे मी मोठ्याने विचारले. त्या यंत्रातून फक्त ऐकता येते, बोलता येत नाही, हे मला ठाऊक असूनही. धप् थांबले. मग एक आवाज आला, अदबीने, जसा एखादा नोकर उशीर झाल्याबद्दल बोलतो तसा.

"उतर राऊं साब. जमीनच नै आरी."

उतरतो आहे. जमीनच येत नाही.

यंत्र बंद केले. तारा काढून टाकल्या. बाहेर आलो तर अकबरी नेहमीच्या जागी बसली होती. तिला काही सांगितले नाही. तिने मात्र माझ्याकडे पाहिले आणि विचारले की तुम्हालाही ऐकू आले का. मी मान हलवली. कोणत्या दिशेने हलवली ते आठवत नाही. ती म्हणाली, मला रोज येते, लोखंडाला कान लावला की. जिवंत आहेत एवढे कळते, म्हणून येते.

१३ मे

आबासाहेब इतक्या सहज कबूल का झाले, ते आज समजले. सकाळी ते एका तरुणाला घेऊन आले. नाव राजेसाब. इलाहीबक्षचा धाकटा भाऊ, गिरणीतून काढलेला. याला खांबाची नोकरी दिली आहे. उद्या-परवा वर जाऊन गज तपासेल आणि बदलेल.

माझ्या नोटिशीत तसेच लिहिले आहे. शिडी शेंड्यापर्यंत तपासून.

मी आबासाहेबांना बाजूला घेतले. म्हणालो, या शिडीवर माणूस पाठवू नका. ते म्हणाले, मग तपासायची कशी? मी म्हणालो, मनोरा पाडून नवा बांधा. त्यांनी मान वर करून मनोऱ्याकडे पाहिले. मग म्हणाले की त्यांनी घर गहाण टाकून हा मनोरा उभा केला. बोलताना पहिल्यांदाच त्यांचा आवाज चढला. "गेल्या खेपेला तुमच्या खात्याने दिव्यासाठी नोटीस काढली, मी माणूस वर पाठवला. आता शिडीसाठी काढलीत, मी माणूस वर पाठवतो आहे. माझं चुकतंय कुठे, ते सांगा."

उत्तर होते. पट्टा दिला नाहीत, वारा पडू दिला नाहीत, तिथे चुकले. ते मी म्हणालोही. पण माझ्या सहीचा कागद त्यांच्या हातात होता.

राजेसाब भावजयीच्या शेजारी उभा होता. तिने त्याची बाही धरून ठेवली होती. तो तिला समजावत होता की वर गेलो तर भाईजानचे काय झाले ते तरी कळेल.

पुण्याला खात्याच्या ऑफिसात तार केली: नोटीस मागे घेण्याची परवानगी द्यावी, माणूस चढवणे धोक्याचे.

१४ मे

उत्तर आले. वरचा भाग न पाहता धोका ठरवता येत नाही. पाहून शेरा द्यावा, शनिवारपर्यंत परत यावे.

नोटीस मागे घेतली तर मनोरा धड आहे असा त्याचा अर्थ. इलाहीबक्ष पळपुटा ठरणार, अकबरी रोज भाकरी घेऊन येणार, आणि पुढच्या वादळात दुसरा कोणी चढणार. न घेतली तर उद्या राजेसाब.

नियमात असे कुठेही नाही की वरचा भाग मजुरानेच पाहावा. तपासणी माझी आहे. पुण्याहून आणलेला पट्टा नवा आहे, दुहेरी शिवलेला. मी विहिरीत पोहलेला, झाडांवर चढलेला पोर. आबासाहेबांना सांगितले, उद्या मी चढतो. त्यांनी हाताने नको नको केले, पण डोळ्यांत सुटका दिसली. राजेसाब म्हणाला, साहेब, हे आमचे काम आहे. मी म्हणालो, उद्यापुरते माझे.

जेवण गेले नाही. दोनदा उठून दाराबाहेर आलो. दिवा आहे. सारखा पेटता. विडी ओढणारा माणूस आता गमतीचा वाटत नाही.

आईला पत्र लिहायला घेतले. हवापाण्यापुढे गेलो नाही. फाडले.

१५ मे

सकाळ. वारा नाही. पट्टा बांधला. ही वही आणि पेन्सिल खिशात. जे पाहीन ते तिथल्या तिथे लिहायचे. अकबरी आज लवकर आली आहे. तिने विचारले की वर ते भेटले तर काय सांगाल. मी म्हणालो, चला म्हणेन. ती म्हणाली, त्यांना भाकरी खाली आहे म्हणून सांगा.

चनमल्लप्पाने शिडीच्या पहिल्या गजाला हात लावून तो कपाळाला लावला. आबासाहेब मशीनघराच्या दारात उभे आहेत, पुढे येत नाहीत.

— शिडीवरून. पट्टा अडकवून बसलो आहे, दोन्ही हात मोकळे. खालून वाटले त्यापेक्षा वाईट आहे. कित्येक गज एकाच बाजूला टेकलेले. एक पायाखाली निसटला, लोंबकळलो, पट्ट्याने तारले. कुजक्या पट्ट्याने तारले नसते. हे सगळे शेऱ्यात येईल. तुटकी तार ओलांडली. तिच्यावर कोळ्याचे जाळे आहे. दुसरी तार नाही. कुठेही नाही.

धप् धप् चढताना ऐकू आले नाही. बरे वाटले.

— शेंड्यावर. दिवा पेटलेला आहे. उन्हात दिसत नव्हता, पण पेटलेला आहे. काच इतकी गरम की बोट भाजले. वीज येत नाही. बुडाशी तारेची जागा मोकळी आहे, मी स्वतः बोट घालून पाहिली.

दिव्याखालच्या कठड्याला कातडी पट्ट्याचा तुकडा बांधलेला. गाठ पक्की आहे. टोक तुटलेले, कुजून भुगा झालेले. पळून जाणारा माणूस तुटका पट्टा शेंड्यावर बांधून ठेवत नाही. तो इथवर आला, त्याने दिवा लावला, आणि पट्टा इथे तुटला. कामावर असताना, कंपनीच्या हुकमाने. एवढा पुरावा पुरे. तुकडा सोडवून खिशात घेतला.

इथून सोलापूर दिसते. गिरण्यांची धुराडी, तळे. खाली अकबरी, ज्वारीच्या दाण्याएवढी. हात हलवला. तिनेही हलवला.

उतरायला लागतो.

— बराच उतरलो. हात भरून आले आहेत. थोडा थांबतो.

तुटकी तार अजून आली नाही.

— तार आली नाही. चढताना ती मनोऱ्याच्या मध्यावर होती. मी तिच्या खाली आलो असणार, नजर चुकली असेल. खाली पाहिले. अकबरी ज्वारीच्या दाण्याएवढी.

— उतरतो आहे. हिशेब न करता नुसते उतरायचे ठरवले. ऊन डोक्यावर आले आणि गेले. खालचे गज सगळे सारखेच. दिवा वर पाहिला की हाताच्या अंतरावर नाही, पण फार दूरही नाही. तेवढाच. खाली ती तेवढीच.

ओरडलो. चनमल्लप्पाने वर पाहिले असे वाटले. आवाज त्यांच्यापर्यंत जातो. त्यांचा माझ्यापर्यंत येत नाही —

— धप्.

माझ्या खाली. माझा पाय नव्हे, मी बसलेलो आहे.

— संध्याकाळ. माझ्या खाली माणूस आहे. डोक्याला रुमाल, खांद्याला हत्यारांची पिशवी. उतरतो आहे. मी उतरलो की तोही तेवढाच उतरतो. मी थांबलो तरी तो उतरतच असतो आणि तरी दूर जात नाही. त्याच्या हातांच्या पंजांची साल गेली आहे. गजांवर —

नावाने हाक मारली. त्याने वर पाहिले नाही. पण बोलला.

"रुकना नक्को साब. रुके तो हातां छूट जाते."

मला पट्टा आहे, त्याला नाही. तो इतके दिवस न थांबता —

भाकरी खाली आहे म्हणून सांगितले. क्षणभर धप् चुकले. मग पुन्हा लय. तो रडला की हसला, कळले नाही.

१६ मे. बहुधा.

उजाडले. जीभ सुजली. खाली माणसे जमली आहेत. दाण्यांची ओंजळ सांडावी तशी. त्यांतला एक दाणा शिडीकडे सरकतो आहे. राजेसाब असेल. नको. कोणीतरी त्याला धरले. देवा, धरून ठेव.

आरोळी मारली, चढू नका. पोहोचली असावी. तो थांबला आहे.

—

विचार केला. मी खाली गेलो नाही तर काय लिहितील? साहेब घाबरला, मोगलाईत पळाला. आणि मग नोटीस, आणि मग राजेसाब.

शेरा इथेच लिहितो.

मी, जोतीराम, या मनोऱ्याची शिडी शेंड्यापर्यंत स्वतः पाहिली आहे. ती माणसाने चढण्याजोगी नाही. इलाहीबक्ष पळालेला नाही. तो कामावर गेला, कुजक्या पट्ट्यानिशी त्याला पाठवले गेले; तुटलेला तुकडा वहीला बांधला आहे. त्याच्या बायकोला, अकबरीला, भरपाई देण्यात यावी. कंपनीचा परवाना रद्द व्हावा, खटला भरावा. दिव्याची नोटीस काढताना चढणाऱ्याचा पट्टा न विचारणाऱ्या आमच्या खात्याचाही जाब घ्यावा.

कोणालाही वर पाठवू नये. आम्हाला शोधायलाही नाही.

मनोरा पाडण्यात यावा.

—

हे लिहून थांबलो. पाडला तर आम्ही —

इलाहीबक्षला वाचून दाखवले. तो उतरत होता. म्हणाला, लिखो साब.

मनोरा पाडण्यात यावा. आमच्यासाठी थांबू नये.

—

वही अकबरीने पुण्याच्या ऑफिसात नेऊन द्यावी, आबासाहेबांच्या हाती देऊ नये. तुकडा पट्ट्याच्या दोऱ्याने घट्ट बांधला. आता खाली टाकतो. ती बरोबर खाली बसलेली आहे. इलाहीबक्षलाही सांगितले, कान दे. पडल्याचा आवाज आला तर कळेल की खाली जमीन आहे.